बातमीची पारख: वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं ओळखीचे-अनोळखी लोक मला बातम्या, कात्रणं आणि फॉरवर्ड पाठवून एकच विचारतात, "हे खरं आहे का हो?" त्यातले सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. या सगळ्यात माझा एक आग्रह तुम्हाला जागोजागी दिसेल: जी बातमी वाचून आपल्याला बरं वाटतं, तिची उलटतपासणी सगळ्यात आधी करायची.

१. संशय घ्यायचा म्हणजे कशावरच विश्वास ठेवायचा नाही का?

नाही. "काल आमच्याकडे पाऊस पडला" असं शेजारी म्हणाला तर आपण पुरावा मागत नाही. "काल आमच्याकडे बेडकांचा पाऊस पडला" म्हणाला तर एखादा बेडूक दाखव म्हणतो. दावा जेवढा मोठा, तेवढा पुरावा भक्कम हवा, एवढंच. "सगळेच खोटं बोलतात" म्हणणारा माणूस मला चिकित्सक वाटत नाही. त्याने पारखण्याचे कष्टच सोडलेले असतात, आणि असा माणूस शेवटी स्वतःला आवडेल त्या खोट्याच्या मागे जातो.

२. व्हॉट्सॲपवर काही आलं की सर्वांत आधी काय बघू?

तारीख, जागा आणि मूळ पाठवणारा. बहुतेक खोट्या मजकुरांत "आजच", "आत्ताच" असतं, पण तारीख नसते, म्हणून ते वर्षानुवर्षं ताजे राहतात. मजकुरावर दुहेरी बाण असेल तर तो अनेक हातांतून फिरत आलाय आणि तुम्हाला पाठवणाऱ्याला मूळ लेखक कोण हे बहुधा माहीत नाही. फोटो असेल तर तो गुगलच्या चित्रशोधात टाकून बघा. एका मिनिटाचं काम आहे.

दर दिवाळीला "नासाने टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत" म्हणून एक रंगीबेरंगी नकाशा येतो. तो एका रात्रीचा फोटो नाही. १९९२ ते २००३ या काळातल्या उपग्रहांच्या नोंदी वेगवेगळ्या रंगांत एकावर एक ठेवून, कुठे नवे दिवे वाढले हे दाखवणारं ते चित्र आहे. नासाने २०१२ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. "जन गण मन"ला युनेस्कोने सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवल्याची वार्ताही अशीच, युनेस्कोने असं कधी काही ठरवलेलं नाही. दोन्ही मजकूर आपल्याला सुखावतात आणि म्हणूनच टिकतात.

३. एक चुकीचा मेसेज पुढे गेला तर एवढं काय बिघडतं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्याआधी कितीतरी दिवस त्या भागात फिरत होते. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना लोकांना दिसला आणि तेवढं पुरलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण गेले. त्याच दिवशी मालेगावात जमावाने घेरलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं वाचवलं.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि निघून जातात. ही कराचीत बनवलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते मुलाला परत आणून सोडतात आणि "मूल पळवायला एवढाच वेळ लागतो" अशा आशयाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला आणि उरलेला तुकडा पुढे पाठवला.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. राईनपाड्यात गेलेले ते पाच जण मात्र कुणाचे तरी मुलगे, बाप, भाऊ होते. "काळजी म्हणून पाठवलं, खरं-खोटं देव जाणे" असं कुणी म्हणालं की मला राईनपाड्याची ती खोली आठवते.

४. सगळ्या चॅनेलवर तीच बातमी होती. मग खोटी कशी असेल?

चॅनेल मोजायचे नसतात, माहितीचे स्वतंत्र स्रोत मोजायचे असतात. दहा चॅनेलनी एकच ट्वीट वाचून दाखवलं तर स्रोत एकच झाला.

८ मे २०२५ च्या रात्री, ऑपरेशन सिंदूरनंतर, भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचं अनेक वाहिन्यांनी सांगितलं. असा हल्ला झालाच नव्हता. व्हिडिओ गेममधली दृश्यंही त्या दिवसांत युद्धाची म्हणून फिरली. त्या रात्री "सूत्रांच्या हवाल्याने" हे दोन शब्द किती वेळा आले ते आठवून पाहा. कोणती सूत्रं, त्यांनी स्वतः काय पाहिलं, याचा उल्लेख कुठेच नव्हता. सीमेवर ज्यांची मुलं तैनात होती त्या घरांनी ती रात्र टीव्हीसमोर कशी काढली असेल याचा विचार त्या निवेदकांनी करायला हवा होता.

२०१६ च्या नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नोटेत जमिनीखालूनही माग काढता येणारी चिप आहे, हेही टीव्हीवरच सांगितलं गेलं होतं. त्या नोटेत तसलं काही नव्हतं.

५. छापून आलंय म्हणजे बातमीच ना?

नेहमी नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारे लेख शब्दशः सारखे छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. "पेड न्यूज" हा शब्द तेव्हापासून घराघरांत पोचला आणि प्रेस कौन्सिलनेही त्यावर समिती नेमली. मजकुराला बातमीदाराचं नाव नाही, दुसरी बाजू नाही आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "प्रायोजित" किंवा "जाहिरात" आहे का, एवढं तपासा.

६. "संशोधनातून सिद्ध झालंय" असं लिहिलेलं असतं. ते कसं तपासायचं?

"सिद्ध" हा शब्द बहुतेकदा बातमीदाराचा असतो, संशोधकाचा नसतो. चार गोष्टी विचारा. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? किती जणांवर? शोधनिबंध तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध झालाय की नुसता इंटरनेटवर ठेवलाय? आणि दुसऱ्या कुणाला तोच निष्कर्ष मिळालाय का?

२०१८ च्या जुलैत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोघांनी सोन्या-चांदीच्या सूक्ष्म कणांत उणे ३७ अंशांच्या आसपास अतिवाहकता (म्हणजे कुठल्याही अडथळ्याविना वीज वाहणं) मिळाल्याचा निबंध इंटरनेटवर ठेवला. अतिवाहकतेसाठी हे तापमान फारच वरचं. जगभर खळबळ उडाली. मग अमेरिकेत ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने त्यातला आलेख मोठा करून पाहिला. मापनात जी बारीक थरथर असते ती दर वेळी वेगळी यायला हवी, कारण ती यदृच्छेने होते. इथे दोन वेगवेगळ्या मापनांतली थरथर ठिपक्याला ठिपका जुळत होती. त्याने कुणावर आरोप केला नाही, हे असं का दिसतं एवढंच विचारलं. अशी जुळणी नजरेस येण्यासाठी कुणीतरी आलेख शांतपणे बघत बसावं लागतं. सकाळच्या बातमीला तेवढी सवड नसते.

७. परग्रहावर जीवसृष्टी सापडली ही बातमी खरी होती का?

एप्रिल २०२५ ची ती बातमी. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या खुणा जेम्स वेब दुर्बिणीला दिसल्याचं केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्री सूक्ष्मजीव तयार करतात. मथळ्यांनी "खुणा"चं "सापडली" करून टाकलं. त्या निरीक्षणाची खात्री संख्याशास्त्राच्या भाषेत "तीन सिग्मा" होती आणि शोध म्हणून मान्यता मिळायला पाच सिग्मा लागतात. तीन सिग्मा म्हणजे "९९.७ टक्के खात्रीने जीवसृष्टी" असं काही ठिकाणी लिहिलं गेलं, तेही चूक. तो आकडा एवढंच सांगतो की निव्वळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता कमी आहे. संकेत त्याच वायूचा आहे का आणि तो वायू सजीवांनीच बनवला का, हे पुढचे दोन प्रश्न उरतातच. त्याच माहितीचं इतर गटांनी फेरविश्लेषण केलं तेव्हा काहींना तो संकेत खात्रीलायक वाटला नाही.

८. मुंबईवर लघुग्रह पडणार होता. आधी शक्यता वाढली, मग एकदम शून्य कशी झाली? काही लपवलं का?

काही लपवलं नाही. उलट गणित रोजच्या रोज सगळ्यांसमोर होतं.

२०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या दुर्बिणीतून सापडला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळू शकेल असं दिसलं. ज्या लांबलचक पट्ट्यात तो पडू शकला असता त्यात मुंबईही होती, त्यामुळे आपल्याकडे मथळे झळकले. १८ फेब्रुवारी २०२५ ला शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि आठवडाभरात जवळजवळ नाहीशी झाली.

हे समजायला हरवलेली शेळी घ्या. ती गावातल्या १०० शेतांपैकी कुठल्यातरी एका शेतात आहे आणि त्यात तुमचंही शेत आहे. तुमच्या शेतात ती असण्याची शक्यता १ टक्का. लोकांनी ७० शेतं पालथी घातली, सापडली नाही. आता ३० शेतं उरली, तुमची शक्यता ३ टक्क्यांवर गेली. शेळी मात्र जागची हललेली नाही. आणखी शोध घेतला आणि ती ओढ्याकाठच्या वावरात सापडली. तुमची शक्यता शून्य. लघुग्रहाचंही असंच झालं. जसजशी निरीक्षणं वाढली तसतसा तो असू शकेल असा पट्टा अरुंद होत गेला. पृथ्वी त्या पट्ट्यात होती तोवर टक्केवारी चढली, पट्टा पृथ्वीवरून सरकला तशी ती कोसळली.

९. मोबाइल टॉवर, कोल्ड्रिंकमधला गोडवा... जागतिक आरोग्य संघटनेने यांना कॅन्सरच्या यादीत टाकलंय ना?

टाकलंय, पण त्या यादीचा अर्थ वेगळा आहे. संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पदार्थांचे गट करते ते पुरावा किती पक्का आहे यावरून. धोका किती मोठा आहे हे तो गट सांगत नाही. २०११ मध्ये रेडिओ लहरी (मोबाइल टॉवरच्याही त्याच) आणि २०२३ मध्ये कोल्ड्रिंकमधलं ॲस्पार्टेम हे गोडवा आणणारं रसायन "२बी" गटात गेले, म्हणजे "कदाचित, पुरावा अपुरा". पहिल्या गटात तंबाखू आहे, तसं ऊनही आहे. दोन्हींचा कर्करोगाशी संबंध पक्का आहे, म्हणून दोन्हींचा धोका सारखा होत नाही.

टक्केवारीचंही तसंच. २०१५ मध्ये याच संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. लोकांनी वाचलं, १०० पैकी १८ जणांना कॅन्सर. समजा एखाद्या समाजात १०० पैकी ५ जणांना तो आयुष्यात कधीतरी होत असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे ५ चे सुमारे ६. "किती टक्के वाढ" वाचलं की "कशाच्या" हे विचारायचंच.

माझी तळमळ अशी की टॉवरसाठी सोसायटीच्या बैठका होतात आणि तळहातावर मळलेल्या तंबाखूबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तिचा पुरावा पहिल्या गटात आहे आणि धोकाही मोठा आहे.

१०. एक्झिट पोल एवढे चुकतात, मग ते थोतांड आहेत का?

थोतांड म्हणणार नाही. पण ते मतांवरून जागा सांगतात ही मोठी उडी असते. १००० लोकांना नीट निवडून विचारलं तरी मतांच्या टक्केवारीत तीन-एक टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, आणि हे सगळे खरं बोलले असं धरून. आता २०२४ ची लोकसभा पाहा. महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० विरुद्ध १७, आणि सांगलीत एक अपक्ष. मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. एवढी बारीक फट अशा पाहणीला दिसूच शकत नाही.

देशातही बहुतेक पोलनी एनडीएला ३५० च्या पुढे नेलं होतं, मिळाल्या २९३. पाच महिन्यांनी विधानसभेत उलट झालं. महायुतीला आघाडी अनेकांनी दिली होती, पण २८८ पैकी २३० हा आकडा बहुतेकांच्या अंदाजापलीकडचा होता. निवडणूक कुणाची याने फरक पडत नाही. आपला पक्ष जिंकताना दिसला की पोल शास्त्रीय आणि हरताना दिसला की विकलेला, असं म्हणणारी माणसं मला दोन्ही बाजूंना भेटतात. किती लोकांना, कुठे आणि कसं विचारलं, हे जी संस्था सांगत नाही तिचा आकडा मी वहीत उतरवून घेत नाही.

११. हवामान खातं "सरासरीइतका पाऊस" म्हणतं आणि आमची पिकं करपतात. हे खोटं नाही का?

तुमची पिकं करपली हे खरंच आहे, आणि खात्याचा आकडाही बरोबर असू शकतो. देशात जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटीमीटर आहे आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की "सामान्य" म्हणतात. हा चार महिन्यांचा, सगळ्या देशाचा आकडा. माण तालुक्यात काय होईल किंवा सोयाबीन शेंगा भरताना खंड पडेल का, हे तो सांगत नाही. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शेतकऱ्यांनी राग कशावर काढावा? मला विचाराल तर "यंदा भरपूर पाऊस" असा मथळा देऊन हा फरक गिळून टाकणाऱ्या बातमीवर. पेरणीसाठी जिल्ह्याचा आणि पंधरवड्याचा अंदाज बघा.

१२. कारण कुणालाच माहीत नसतं तेव्हा कुणावर विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न मला शेगावच्या टक्कल प्रकरणात सगळ्यात जास्त आला. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटली, मग हात लावताच केस गळू लागले. दोन-चार दिवसांत टक्कल. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी बुरशीला, कुणी विहिरीच्या पाण्याला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं.

यातून घ्यायचं ते हे की "अजून कळलेलं नाही" हे उत्तर सन्मानाचं आहे. पहिल्या आठवड्यात ठामपणे बोलणाऱ्यांपेक्षा नमुने गोळा करणाऱ्यांकडे लक्ष द्या. २०२० च्या सुरुवातीला चिकनमधून करोना होतो ही आवई उठली, तेव्हा राज्यातल्या कुक्कुटपालकांना कोंबड्या कवडीमोल विकाव्या लागल्या, काहींनी पिल्लं पुरली. त्यांची भरपाई ती आवई उठवणाऱ्यांपैकी कुणी केली नाही.

१३. गणपती दूध प्यायला ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. डोळे खोटे का?

डोळे खरे आहेत. चमच्यातलं दूध कमी झालं, हे तुम्ही बघितलंच. ते कुठे गेलं, हे मात्र डोळ्यांना दिसलं नाही. २१ सप्टेंबर १९९५ च्या त्या दिवशी देशभर रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं.

घरी करून बघा. मी आमच्या देवघरातली पितळी मूर्ती ताटात ठेवून, दुधात चिमूटभर कुंकू कालवून चमचा सोंडेला टेकवला. दूध सर्रकन कमी झालं आणि अर्ध्या मिनिटात मूर्तीच्या पायाशी ताटात गुलाबी रेघ उमटली. आईने तीच मूर्ती धुऊन, पुसून परत जागेवर ठेवली आणि संध्याकाळी दिवा लावला. श्रद्धा आणि चिकित्सा एका घरात राहतात, मी रोज बघतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच वर्षानुवर्षं समजावून सांगत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, ज्यासाठी ते अनेक वर्षं झगडले होते.

१४. सरकारनेच एखादी बातमी खोटी ठरवली तर विषय संपला ना?

नाही. सरकारी खुलासा हा महत्त्वाचा पुरावा आहे, पण सरकार अनेकदा त्याच वादात पक्षकार असतं. २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून सरकारी कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा ठरवणारा स्वतःचा तपासणी कक्ष आणायचं ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये तो बदल घटनाबाह्य ठरला. म्हणून खुलासा वाचताना त्यात आकडा, आदेशाचा क्रमांक, कागद आहे का बघा. नुसतंच "ही बातमी निराधार आहे" असेल तर तेही एक विधानच, त्यालाही प्रश्न २ मधल्या कसोट्या लावा.

१५. एआयने बनवलेला आवाज किंवा व्हिडिओ ओळखायचा कसा?

कानांवर आणि डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, ही साधनं रोज सुधारतायत. वेळ बघा. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं आणि काही नेत्यांच्या म्हणून ध्वनिफिती फिरल्या त्या १९ तारखेला. संबंधितांनी त्या बनावट असल्याचं सांगितलं. तपासायला कुणाला वेळच उरू नये अशा क्षणी जे येतं, ते मत बनवण्यासाठी वापरू नका. मूळ, पूर्ण फीत कुठे आहे, एवढं विचारा (प्रश्न ३ मधली कापलेली फिल्म आठवा).

१६. घरच्या ग्रुपवर काका-आत्या चुकीचं पाठवतात. त्यांचा मान राखून कसं सांगू?

ग्रुपवर नको. चारचौघांत चूक दाखवली की माणूस हट्टाला पेटतो. खासगीत लिहा, किंवा सरळ फोन करा. मी माझ्या काकांना "हे खोटं आहे" असं म्हणत नाही. "काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं?" असं विचारतो. दोन-तीन वेळा असं विचारल्यावर त्यांनाच मूळ माणूस सापडेना. त्यांची काळजी खरी असते, ती आधी मान्य करा.

१७. आणि मीच चुकीचं पुढे पाठवलं असेल तर? डिलीट केलं की झालं?

नाही, ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून ते डिलीट होत नाही. त्याच ग्रुपवर, त्याच दिवशी लिहा. काय चुकलं ते नाव घेऊन लिहा, सबब देऊ नका. गेल्या वर्षी माझ्याकडून एका जुन्या पुराचा फोटो ताजा म्हणून गेला होता, तेव्हा मी हे लिहिलं होतं, हवं तर जसंच्या तसं वापरा: "आज सकाळी मी पाठवलेला पुराचा फोटो जुना आहे, आपल्या भागातला नाही. न तपासता पाठवला, चूक माझी. ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी कृपया हाही मेसेज तिथे पाठवा."